नव्या भाषेतलं विशेषण कसं पकडावं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असतो तेव्हा एकाच मालाला तीन शब्द लागतात: गड्डा, हळकुंड, हळद. किडका गड्डा, किडकं हळकुंड, किडकी हळद. पोतं तेच, कीडही तीच, पण विशेषणाचं शेपूट तिन्ही वेळा वेगळं. मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोराचीही इथे चूक होत नाही. जतच्या बाजूचा, घरी कन्नड बोलणारा शेतकरी मात्र 'किडकं हळद' म्हणून जाऊ शकतो आणि उत्तरेकडचा व्यापारी 'किडका हळकुंड'. दोघंही आपापल्या भाषेचा नियम इमानानं पाळत असतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंगच नाही.

आपण कन्नड, हिंदी, जर्मन, अरबी किंवा जपानी शिकायला बसतो तेव्हा आपणही हेच करतो. मराठीचा नियम नकळत तिकडे नेतो. विशेषणाचे शब्द पाठ करणं सोपं असतं, चुका होतात त्या शब्द वाक्यात बसवताना. म्हणून शब्दांची यादी करण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं मिळवावीत. विशेषण नामाच्या आधी येतं की नंतर? नामाप्रमाणे बदलतं का, आणि नामाच्या कशाप्रमाणे? 'घर मोठं आहे' असं वाक्याच्या शेवटी गेलं की तेच रूप राहतं का? तुलना कशी करतात? 'नव्हतं' आणि 'होतं' हे विशेषण स्वतः दाखवतं की क्रियापद? पाचांपैकी दुसरा आणि तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दमवतात, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्यांच्यावरच आहे.

आधी मराठीचा हिशेब

परक्या भाषेत आपण नेमकं काय घेऊन जातो ते कळायला मराठीचा तक्ता एकदा डोळ्यांसमोर असावा. मराठीत विशेषणांचे दोन गट. 'आ'नं संपणारी विकारी: चांगला, मोठा, काळा, किडका, कोवळा. बाकीची बहुतेक अविकारी: लाल, जाड, बारीक, टणक, कडू, हुशार, सुंदर. दुसऱ्या गटाला काही करावं लागत नाही. जाड गड्डा, जाड साडी, जाड हळकुंडं.

विकारी गटाचे सहा सरळ खाने असे भरतात: चांगला गड्डा, चांगले गड्डे; चांगली साडी, चांगल्या साड्या; चांगलं हळकुंड, चांगली हळकुंडं. नामाला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की लिंग-वचनाचा सगळा भेद पुसला जातो आणि एकच रूप उरतं: चांगल्या गड्ड्याला, चांगल्या साडीवर, चांगल्या हळकुंडांचा. लिहिताना 'चांगलं'चं 'चांगले' करतात, म्हणजे लेखी मराठीत एका विशेषणाची रूपं चारच: चांगला, चांगली, चांगले, चांगल्या. ही चार रूपं सगळे खाने भरतात. 'चांगली' स्त्रीलिंगी एकवचनालाही चालते आणि नपुंसकलिंगी अनेकवचनालाही. मराठी शिकणाऱ्या कन्नड माणसाला 'ही चांगली हळकुंडं' चुकीचं वाटतं ते याच दुहेरी कामामुळे.

लिहिताना एका अक्षराची काळजी घ्यावी. 'बरा', 'दुसरा', 'गोरा' यांच्या सामान्यरूपात ऱ्य येतो, र्य येत नाही: बऱ्या, दुसऱ्या, गोऱ्या. मोबाइलच्या कळपाटावर घाईत 'दुसर्या' उमटतं आणि वाचणाऱ्याला ते 'सूर्य'मधल्या र्यसारखं वाचावं लागतं.

मराठीची एक श्रीमंती इथे सांगायलाच हवी. पावसानंतर कासच्या वाटेवर दिसतं ते रान नुसतं हिरवं नसतं, हिरवंगार असतं. अशा जोडशब्दांत पहिला भाग बदलतो आणि दुसरा जागचा हलत नाही: हिरवागार डोंगर, हिरवीगार झाडी, हिरवंगार रान, हिरव्यागार रानात. काळाकुट्ट, पिवळाधमक, पांढराशुभ्र, गोरापान ही सगळी याच चालीची. लालबुंद आणि थंडगार यांचा पहिला भागच अविकारी, म्हणून ती अख्खी अविकारी. कोणता दुसरा भाग कुणाला जोडायचा याला नियम नाही. 'काळाधमक' कुणी म्हणत नाही. परक्या भाषेतही असे जोड असतात आणि ते एकेक करूनच शिकावे लागतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात त्यांच्या मागे लागू नये.

'चा' प्रत्ययाचे शब्दही चालीनं विकारी विशेषणच आहेत. साताऱ्याचा कंदी पेढा, साताऱ्याची वाट, साताऱ्याच्या वाटेवर. हे लक्षात ठेवलं की हिंदीचा 'का-की-के' निम्मा सुटतो.

हिंदी: सोपी वाटते म्हणूनच चुकते

हिंदीत विकारी विशेषणाची रूपं तीनच: अच्छा, अच्छी, अच्छे. मराठीपेक्षा एक कमी, तरी मराठी माणसाची हिंदी विशेषणावरच ओळखू येते. गफलत तीन ठिकाणी होते.

पहिली स्त्रीलिंगी अनेकवचनात. मराठीत चांगली मुलगी, चांगल्या मुली, रूप बदलतं. हिंदीत 'अच्छी लड़की' आणि 'अच्छी लड़कियाँ', रूप तेच. मराठी कानाला अनेकवचनात काहीतरी बदल हवासा वाटतो आणि तोंडून 'अच्छे लड़कियाँ' निघतं. स्त्रीलिंगाला हिंदीत कायम 'ई' लावावी, एकवचन असो, अनेकवचन असो की पुढे 'को' असो. 'अच्छी लड़की को', 'अच्छी लड़कियों को'.

दुसरी पुल्लिंगात, 'में', 'को', 'से' आले की. 'बड़ा घर' बरोबर, पण 'बड़े घर में'. मराठीत आपण 'मोठ्या घरात' बिनचूक म्हणतो. हिंदीत 'में' सुटा लिहिला जातो, त्यामुळे नामाचं रूप बदललंय हे लक्षात येत नाही आणि 'बड़ा घर में' होतं. यावरचा उपाय साधा आहे. मराठीत जिथे 'मोठ्या' येईल तिथे हिंदी पुल्लिंगात 'बड़े'.

तिसरी सगळ्यात चिवट आहे, ती म्हणजे लिंगाची अदलाबदल. मराठीतली नपुंसकलिंगी नामं हिंदीत जाताना बहुतेक पुल्लिंगी होतात: घर, पाणी, दही. 'ठंडा पानी', 'खट्टा दही'. पण 'दुकान' आणि 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी: 'बड़ी दुकान', 'नई पुस्तक'. 'आवाज' मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी: मोठा आवाज, 'ऊँची आवाज़'. चांगला चहा पण 'अच्छी चाय'. अशा नामांची यादी 'दुकान – स्त्री.' अशी कधी लिहू नये. परीक्षेपुरती ती आठवते आणि बोलताना दगा देते. वहीत 'बड़ी दुकान' असंच लिहावं, विशेषण नामाला कायमचं चिकटवून. तोंडाला जोडीची सवय होते आणि लिंग वेगळं आठवावं लागत नाही. हा उपाय हिंदीपुरताच नाही. लिंग असलेल्या कुठल्याही भाषेत नाम एकटं लिहूच नये.

संस्कृतचा नियम यात सगळ्यात कडक आहे. विशेष्याचं जे लिंग, जे वचन, जी विभक्ती, तीच विशेषणाची. तीन लिंगं, तीन वचनं आणि संबोधन धरून आठ विभक्त्या म्हणजे एका विशेषणाचे 72 खाने. पुष्कळ खान्यांत रूप सारखं असलं तरी खाना भरावाच लागतो. मधुरं फलम्, मधुराणि फलानि, मधुरेण फलेन. मराठीची 'चांगल्या फळानं' ही सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण मराठीत विभक्तीचा प्रत्यय एकट्या नामाला लागतो आणि संस्कृतात दोघांनाही. शाळेतली मुलं 'मधुर फलेन' लिहितात ते यामुळेच.

जतची कन्नड आणि जर्मन: एकमेकींच्या उलट

तिसरा प्रश्न, म्हणजे विशेषण वाक्याच्या शेवटी गेल्यावर काय होतं. मराठी व्याकरणात 'मोठं घर' यातल्या विशेषणाला अधिविशेषण म्हणतात आणि 'घर मोठं आहे' यातल्या विशेषणाला विधिविशेषण. मराठीत दोन्ही जागी रूप सारखंच बदलतं, त्यामुळे हा भेद शाळेत पाठ करून आपण विसरून जातो. परक्या भाषेत मात्र तो जपून ठेवावा लागतो.

कन्नडमध्ये नामाआधीचं विशेषण बदलत नाही. 'दोड्ड' म्हणजे मोठा. दोड्ड हुडुग म्हणजे मोठा मुलगा, दोड्ड हुडुगी म्हणजे मोठी मुलगी, दोड्ड मने म्हणजे मोठं घर, दोड्ड मनेगळु म्हणजे मोठी घरं. मराठी माणसाला हे वरदानच वाटतं. पण विशेषण शेवटी गेलं की त्याला सर्वनामाचं शेपूट लागतं. 'ई मने दोड्डदु', हे घर मोठं आहे. अनेकवचनात 'ई मनेगळु दोड्डवु'. माणसांबद्दल बोलताना शेपूट आणखी बदलतं. तो चांगला आहे, 'अवनु ओळ्ळेयवनु'. ती चांगली आहे, 'अवळु ओळ्ळेयवळु'. ते चांगले आहेत, 'अवरु ओळ्ळेयवरु'. अर्थानं पाहिलं तर 'दोड्डदु' म्हणजे 'मोठी अशी वस्तू' आणि 'ओळ्ळेयवनु' म्हणजे 'चांगला असा तो'. नाम गेलं की त्याची जागा शेपटानं भरायची, इतकंच.

मिरजेच्या बाजारात कामापुरती कन्नड शिकणारे इथेच अडकतात. 'ई मने दोड्ड' असं म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट वाटतं, 'मोठं... काय?' असं. तोंडी सराव करताना प्रत्येक विशेषण दोनदा म्हणावं: होस मने, मने होसदु. सण्ण मने, मने सण्णदु. रोज पाच जोड्या म्हटल्या तरी दोन आठवड्यांत जीभ वळते. संस्कृतातून आलेल्या विशेषणांना नामाआधी बहुधा 'वाद' लागतो, जसं 'सुंदरवाद मने'. मराठीच्या सवयीनं 'सुंदर मने' तोंडात येतं, तिथे थांबून 'वाद' जोडावा. शेवटी गेलं की 'मने सुंदरवागिदे'.

जर्मनमध्ये नेमकं उलट. नामाआधी विशेषण बदलतं आणि शेवटी जसंच्या तसं राहतं. 'ग्रोस' म्हणजे मोठा किंवा उंच. 'डेर मान इस्ट ग्रोस', पुरुष उंच आहे. 'डी फ्राउ इस्ट ग्रोस', बाई उंच आहे. 'दास हाउस इस्ट ग्रोस', घर मोठं आहे. तिन्हीकडे 'ग्रोस'. मराठी मुलं इथे 'डी फ्राउ इस्ट ग्रोसे' म्हणतात, कारण 'बाई उंच' म्हटलं तरी 'बाई मोठी' ही ई मनात घोळत असते. नोकरीसाठी जर्मन शिकणाऱ्यांनी पहिला नियम हाच धरावा: 'इस्ट' (आहे) आणि 'झिंड' (आहेत) यांच्यानंतर विशेषणाला हात लावायचा नाही.

नामाआधीची जर्मन रूपं तक्त्यांतून शिकवतात आणि तो तक्ता पाहून निम्मे जण धास्तावतात. प्रत्यय एकूण पाचच आहेत: ए, एन, एर, एस, एम. त्यामागची रीत समजली तर पाठांतर बरंच हलकं होतं. जर्मन भाषेला नामाचं लिंग एकदा दिसायला हवं असतं. ते आधीच्या उपपदानं, म्हणजे 'डेर', 'डी', 'दास'सारख्या शब्दानं, दाखवलं असेल तर विशेषण साधं राहतं. दाखवलं नसेल तर ते काम विशेषणावर येतं. 'डेर' म्हटल्यावर पुल्लिंग कळतं, म्हणून 'डेर ग्रोसे मान'. 'आइन' पुल्लिंगालाही लागतं आणि नपुंसकलिंगालाही, त्यावरून काही कळत नाही, म्हणून 'आइन ग्रोसर मान' पण 'आइन ग्रोसेस हाउस'. पहिल्यात 'डेर'चा र विशेषणावर आला, दुसऱ्यात 'दास'चा स. ही एक गोष्ट दोन-चार नामांवर हातानं लिहून पाहावी. अनेकवचनात उपपद असेल तर 'एन' धरावा: 'डी ग्रोसेन हॉयझर', मोठी घरं. 'डेम ग्रोसेन मान'सारख्या चतुर्थीच्या रूपांतही तोच 'एन'.

नामानंतर येणारं विशेषण

आखातात नोकरीला गेलेल्यांच्या तोंडी अरबी शब्द येतात पण वाक्य मराठी चालीचं असतं. अरबीत विशेषण नामाच्या नंतर येतं आणि लिंग, वचन, विभक्ती यांच्याबरोबर नामाचा 'अल्' (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) सुद्धा अंगावर घेतं. बैत म्हणजे घर, कबीर म्हणजे मोठा. हो, संत कबीरांच्या नावातला शब्द हाच. 'बैत कबीर', एक मोठं घर. 'अल्-बैत अल्-कबीर', ते मोठं घर. 'अल्-बैत कबीर', घर मोठं आहे. तिसऱ्यात क्रियापद नाहीच. एक 'अल्' काढला की वाक्य तयार होतं. अरबी शिकताना हे तीन तुकडे एकाखाली एक लिहून भिंतीवर लावावेत, कारण 'अल्' चुकला की अर्थच बदलतो. स्त्रीलिंगाला शेवटी 'आ' येतो: 'अल्-मदरसा अल्-कबीरा', ती मोठी शाळा. आणखी एक विचित्र वाटणारा नियम आहे. माणूस नसलेल्या वस्तूंचं अनेकवचन असेल तर विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी घेतात. पुस्तकं म्हणजे 'कुतुब', मोठी पुस्तकं म्हणजे 'कुतुब कबीरा'. तर्क लावत बसू नये, दहा नामांवर घोकून घ्यावं.

तुलनेत 'कबीर'चं 'अकबर' होतं: अधिक मोठा, सगळ्यात मोठा. 'सगीर'चं, म्हणजे लहानचं, 'असगर'. आपल्या परिचयाच्या नावांतच अरबीचा तुलनेचा नियम बसलेला आहे. 'अकबर मिन' म्हणजे 'च्यापेक्षा मोठा', आणि या रूपाला लिंग-वचनाची काळजी नाही.

स्पॅनिशमध्येही विशेषण बहुधा नंतर येतं. लिब्रो ब्लांको, पांढरं पुस्तक. कासा ब्लांका, पांढरं घर. लिब्रोस ब्लांकोस, कासास ब्लांकास. 'ओ' आणि 'आ' हे आपल्या 'आ' आणि 'ई'सारखे. 'ए'नं संपणारी विशेषणं, जसं वेर्दे (हिरवा), लिंगानं बदलत नाहीत पण वचनानं बदलतात: लिब्रो वेर्दे, कासा वेर्दे, कासास वेर्देस. आपलं अविकारी विशेषण कशानंच बदलत नाही, त्यामुळे हा शेवटचा 'स' मराठी माणूस हमखास विसरतो. काही विशेषणं आधी घेतली की अर्थ फिरतो. 'ओंब्रे ग्रांदे' म्हणजे अंगानं मोठा माणूस, 'ग्रान ओंब्रे' म्हणजे थोर माणूस. 'आमिगो व्हिएहो' म्हणजे वयानं म्हातारा मित्र, 'व्हिएहो आमिगो' म्हणजे जुना मित्र. मराठीत यासाठी आपण शब्दच वेगळा घेतो. तिथे जागा बदलून काम होतं.

शेपटाऐवजी डोकं बदलण्याची तऱ्हा पाहायची तर पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली पाहावी. म्तोतो म्दोगो, लहान मूल. वातोतो वादोगो, लहान मुलं. किताबू किदोगो, लहान पुस्तक. विताबू विदोगो, लहान पुस्तकं. नामाचा आरंभ विशेषणाच्या आरंभावर उमटतो. यातला 'किताबू' अरबीतून आलेला, आपलाही ओळखीचा. स्वाहिलीनं त्यातल्या 'कि'ला आपला उपसर्ग मानलं आणि अनेकवचन 'विताबू' केलं.

विशेषण जेव्हा क्रियापदासारखं वागतं

जपानी शिकणाऱ्यांना सुरुवातीला आनंद होतो. लिंग नाही, वचन नाही, विशेषण मराठीसारखं नामाच्या आधी. 'ताकाई यामा', उंच डोंगर. अडचण पाचव्या प्रश्नात आहे. 'इ'नं संपणारं जपानी विशेषण काळ आणि नकार स्वतःच दाखवतं. ताकाई म्हणजे उंच (किंवा महाग) आहे, ताकाकुनाई म्हणजे उंच नाही, ताकाकात्ता म्हणजे उंच होतं, ताकाकुनाकात्ता म्हणजे उंच नव्हतं. शेवटचा 'इ' काढून 'कु' किंवा 'कात्ता' जोडायचं. मराठीत भूतकाळ 'होतं'वर असतो, म्हणून आपण 'ताकाई देशिता' म्हणतो. ते चूक. आदरानं म्हणायचं तर 'ताकाकात्ता देसु'.

दुसऱ्या गटाला नामाआधी 'ना' लागतो: शिझुका ना माची, शांत गाव. या गटातला घातकी शब्द 'किरेई', म्हणजे सुंदर किंवा स्वच्छ. शेवटी 'इ' ऐकू येतो म्हणून त्याचं 'किरेकुनाई' करतात. तो 'ना' गटातला आहे: 'किरेई ना हाना', सुंदर फूल, आणि नकार 'किरेई जा नाई'. आणखी एक अपवाद पहिल्याच दिवशी शिकून टाकावा: 'ईई' म्हणजे चांगलं, पण त्याचा नकार 'योकुनाई' आणि भूतकाळ 'योकात्ता'.

चिनी भाषेतही 'उंच' हा शब्दच 'उंच असणे' असं काम करतो. 'था हन काओ', तो उंच आहे. मधला 'हन' शब्दशः 'खूप', पण इथे तो वाक्य पुरं करायला येतो. तो काढला तर कुणाशी तरी तुलना चालली आहे असं वाटतं. 'आहे'साठीचा 'शि' घालून 'था शि काओ' म्हणणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. आणि नायजेरियातल्या इग्बो भाषेत खरी विशेषणं आठच मोजतात, चार जोड्या: मोठं-लहान, नवं-जुनं, काळं-पांढरं, चांगलं-वाईट. बाकीचं सगळं नामं आणि क्रियापदं सांभाळतात. 'विशेषण' हा कप्पा प्रत्येक भाषेत आपल्याएवढाच मोठा असेल असं धरून चालू नये.

इंग्रजी आणि तुलना

इंग्रजीत विशेषण बदलत नाही, त्यामुळे चुका दुसरीकडे होतात. आकडा आणि नाम मिळून विशेषण झालं की नाम एकवचनीच राहतं: 'टू-इयर डिप्लोमा', 'टेन-रुपी नोट'. 'टू-इयर्स डिप्लोमा' असं अर्जात लिहू नये. 'इंटरेस्टिंग' म्हणजे रस वाटायला लावणारं, 'इंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस वाटतो तो. 'आय ॲम बोरिंग' म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे', 'मला कंटाळा आलाय' नव्हे. 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' हे लॅटिनमधले तुलनेचेच शब्द, त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. विशेषणांची रांग लागली तर मत, आकार, वय, आकृती, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलेलं, या क्रमानं लावावी: 'अ स्मॉल ओल्ड ब्राउन वुडन बॉक्स'. आपणही 'मोठी लाल पिशवी'च म्हणतो, पण मराठीत 'लाल मोठी पिशवी' खपून जाते, इंग्रजीत खटकते.

मराठीत तुलना करताना विशेषणाला काही होत नाही, सगळं काम 'पेक्षा' करतो. 'साताऱ्यापेक्षा सांगली मोठी'. 'मोठी' ही सांगलीची, साताऱ्याची नाही. हिंदीत 'से', कन्नडमध्ये 'इदक्किंत अदु दोड्डदु'मधला 'किंत'. तिन्ही भाषांची घडण एकच, म्हणून तुलना हिंदी-कन्नडमध्ये लवकर जमते. इंग्रजीत 'बिगर' किंवा 'मोअर ब्यूटिफुल' यांपैकी एकच उपाय करायचा असतो. 'मोअर बेटर' म्हणजे दोन्ही एकदम. अशी दुहेरी तुलना मराठीतही होते. 'श्रेष्ठ' हा संस्कृतात मुळातच 'सगळ्यात चांगला' अशा अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे 'श्रेष्ठतम' लिहिताना क्षणभर थांबावं.

वहीतला सराव

एक वही, तीन नामं आणि दोन विशेषणं एवढ्यावर कुठल्याही भाषेची सुरुवात होते. नामं अशी घ्यावीत: एक पुरुष, एक बाई, एक वस्तू. मुलगा, मुलगी, घर. विशेषणांत एक रोजचं बदलणारं ('मोठा'साठीचा शब्द) आणि एक रंगाचं. आता सहा साचे:

1. मोठं घर
2. घर मोठं आहे
3. मोठी घरं
4. मोठ्या घरात
5. हे घर त्या घरापेक्षा मोठं आहे
6. घर मोठं नव्हतं

तीन नामं गुणिले सहा साचे म्हणजे एका विशेषणाची 18 वाक्यं, दोन विशेषणांची 36. चौथ्या साच्यात माणसांसाठी 'मोठ्या मुलाला', 'मोठ्या मुलीला' घ्यावं. रंगाचं 'यापेक्षा लाल' कृत्रिम वाटलं तर तो खाना रिकामा ठेवावा. दोन बैठकांत हे उरकतं. लिहून झाल्यावर बदललेली अक्षरं लाल शाईनं गिरवावीत. कोणत्या उभ्या ओळीत लाल दिसतं आणि कोणत्या ओळीत दिसत नाही, त्यातच पाचही प्रश्नांची उत्तरं असतात. कन्नडच्या वहीत दुसरा साचा लाल होईल आणि पहिला कोरा राहील. जर्मनच्या वहीत बरोबर उलट. जपानीत सहावा साचा सगळ्यात लाल.

वाक्यं ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून तपासून घ्यावीत, पण 'हे बरोबर आहे का?' असं विचारू नये. समोरचा भिडेखातर 'हो, कळतंय की' म्हणतो आणि चूक वहीत पक्की होते. 'तुम्ही हे कसं म्हणाल?' असं विचारावं आणि तो म्हणेल ते ऐकून लिहावं. नुसता शब्दही विचारू नये. 'मोठा'ला कन्नडमध्ये काय म्हणतात असं विचारलं तर कुणी 'दोड्ड' सांगेल आणि कुणी 'दोड्डदु'. दोन्ही बरोबर, आणि गोंधळ आपला.

अर्थाची जोडी शेवटी तपासावी. आपण 'ओली हळद' म्हणतो, कारण ती वाळवायची असते. हिंदीत ती 'कच्ची हल्दी'. 'गीली हल्दी' म्हटलं तर पाण्यात भिजलेली वाटेल. कन्नडमध्ये 'हसि अरिशिन', आणि 'हसि' म्हणजे कच्चं, न शिजवलेलं. इंग्रजीत 'फ्रेश टर्मरिक', 'वेट' नव्हे. ओल्या खोबऱ्याचंही इंग्रजीत तसंच, 'फ्रेश कोकोनट'. कडक चहा हिंदीत कडकच राहतो, इंग्रजीत 'स्ट्राँग' होतो. 'मोठा भाऊ' इंग्रजीत 'एल्डर ब्रदर'. म्हणून वहीच्या शेवटच्या चार पानांवर, शब्दाला शब्द न मांडता, अशा जोड्या नामासकट लिहून ठेवाव्यात: एका बाजूला 'ओली हळद', समोर 'कच्ची हल्दी', त्यापुढे 'हसि अरिशिन'.